पंच कमिटीच्या सचिवपदी बसल्यावर ख्रिस्ती मूल्ये कारभारात कशी उतरवायची?

प्रश्न थोडक्यात: तालुक्याच्या गावातली १२० कुटुंबांची मराठी मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय. तिच्याकडे ४० मुलींचे वसतिगृह आणि एक बालवाडी. बँकेत नोकरी केलेल्या एका ताईंना मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीने नुकतेच सचिव केले आहे. त्या विचारतात: "ख्रिस्ती मूल्यांवर नेतृत्व करा असे सगळेच सांगतात. म्हणजे सोमवारी सकाळी मी नक्की काय करायचे? वचने मला पाठ आहेत. रीत सांगा."

ताई, सलाम.

तुम्ही रीत विचारलीत हे फार बरे केलेत. मंडळीच्या कारभारात जे बिघडते ते बहुतेक वेळा श्रद्धा आटल्यामुळे बिघडत नाही. नेमाने प्रार्थना करणाऱ्या, पापभीरू माणसांच्या हातूनही अर्पणाच्या पैशाचा घोळ होतो, वसतिगृहातल्या स्वयंपाकीणबाईंचा पगार तीन-तीन महिने थकतो, एखाद्या मुलीची तक्रार "मंडळीचे नाव जाईल" म्हणून दाबली जाते. प्रेम, सत्य, सेवा हे शब्द उपदेशात असतात, पण पैसे मोजताना, नेमणूक करताना, तक्रार ऐकताना काय करायचे ते कोणी ठरवून ठेवलेले नसते. मार्कच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशू शिष्यांना सांगतो की परराष्ट्रीयांचे अधिपती त्यांच्यावर धनीपण करतात, पण तुमच्यात तसे नसावे. ही ओळ कारभारात आणायची तर प्रत्येक कामाच्या ठिकाणी एकच विचारायचे: इथे माझ्या हातात कोणाचे बरेवाईट आहे, आणि माझा हात चुकला तर तो धरणारे कोण आहे? खाली जे लिहिले आहे ते सगळे त्याच प्रश्नाच्या अनुषंगाने आहे.

पहिला महिनाभर काही बदलू नका, फक्त कागद वाचा आणि माणसांना भेटा. कागद पाच: संस्थेची घटना, धर्मादाय कार्यालयातल्या नोंदवहीचा म्हणजे शेड्यूल वनचा उतारा, गेल्या पाच वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, इतिवृत्ताची वही, आणि जागेचा सात-बारा किंवा प्रॉपर्टी कार्ड. उताऱ्यावर विश्वस्त म्हणून कोणाची नावे आहेत ते आधी बघा. तिथे पुष्कळदा वारलेल्या माणसांची नावे निघतात. निवडणूक झाली, हार घातले, चहा झाला, पण विश्वस्त बदलल्याचा फेरफार अहवाल धर्मादाय कार्यालयाला द्यायचा राहिला. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो द्यावा लागतो. तो नसला की पुढे सह्यांचे बदल बँकेत अडतात, आणि मंडळीत दोन तट पडले की "खरी कमिटी कोणती" हा वाद थेट धर्मादाय आयुक्तांपुढे जातो. दुसरे म्हणजे सात-बाऱ्यावर नाव कोणाचे आहे. मिशनच्या काळातल्या पुष्कळ जागा स्थानिक मंडळीच्या नावावर नसून वरच्या एखाद्या विश्वस्त संस्थेच्या नावावर असतात. तसे असेल तर जागेबाबत तुमच्या कमिटीने केलेल्या ठरावाला फारसे वजन राहत नाही. हे आधी कळलेले बरे.

आता पैसा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मंडळीचा विश्वास याच टेबलावर मिळतो किंवा जातो.

उपासना संपल्यावर अर्पणाची थैली वेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या कामकाजाच्या खोलीत येते. मोजायला तीन माणसे बसवा. तिघे एका घरातले नकोत, नवरा-बायको किंवा दीर-भावजय अशी जोडी नको, आणि खजिनदार मोजणाऱ्यांत नको. खजिनदाराचे काम मोजलेली रक्कम स्वीकारण्याचे. जो मोजतो तोच लिहितो आणि तोच बँकेत भरतो, असे झाले की प्रामाणिक माणसालाही आपला प्रामाणिकपणा सिद्ध करता येत नाही. वेस्ट्रीचे दार उघडे ठेवा. टेबलावर फक्त थैली, मोजणीची वही, कार्बन आणि पेन असू दे. पाकिटातले अर्पण वेगळे काढा. पाकिटावर लिहिलेली रक्कम आणि आतली रक्कम जुळते का पाहा, फरक असेल तर पाकिटावरच तसे लिहून दोघांनी सही करा. मग सुटे अर्पण. चिठ्ठी अशी दिसेल:

५०० × ४ = २,०००
१०० × २३ = २,३००
५० × १७ = ८५०
२० × ३१ = ६२०
१० × ५४ = ५४०
नाणी = २१५
एकूण = ६,५२५

एकाने मोजायचे, दुसऱ्याने तीच गड्डी पुन्हा मोजायची, तिसऱ्याने लिहायचे. तिघांच्या सह्या शाईने. मूळ चिठ्ठी खजिनदाराकडे, कार्बन प्रत तुमच्या फाइलला. सोमवारी बँकेत भरणा होईल तो ६,५२५ रुपयांचाच. ६,५०० नाही, ६,२२५ नाही. स्लिपची प्रत त्या चिठ्ठीला टाचायची. बँकेतली नोकरी झाली आहे, त्यामुळे हे तुम्हाला नवे नाही, पण मंडळीत याला विरोध होईल आणि तो पुढच्या शब्दांत येईल: "ताई, आपल्याच माणसांवर अविश्वास?"

त्याचे उत्तर पौलाने देऊन ठेवले आहे. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी गोळा झालेला निधी पोहोचवताना त्याने तीताबरोबर आणखी दोघे बंधू पाठवले, आणि कारणही सांगितले: या मोठ्या रकमेबाबत कोणी आम्हांला दोष लावू नये, आणि जे चांगले आहे ते प्रभूच्याच दृष्टीने नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही आम्ही पाहतो. २ करिंथ, आठवा अध्याय, २० आणि २१ वी ओवी. पौलावर कोणी आळ घेतला म्हणून त्याने तसे केले नाही, आळ येण्याआधी केले. हे वचन कमिटीच्या पहिल्या सभेत वाचा आणि त्याच सभेत मोजणीचा ठराव करून घ्या. एखादी गडबड उघडकीला आल्यावर हाच ठराव आणलात तर तो कोणाला तरी उद्देशून आणला असे होईल, आणि मग घरे फुटतात.

मोजणीत सर्रास होणारी चूक म्हणजे थैलीतूनच खर्च करणे. फुलवाला दारात उभा असतो, पेटीवादकाचे भाडे द्यायचे असते, कोणी तरी म्हणते, "यातलेच ३०० देऊन टाका, पुढच्या वेळी लिहू." पुढच्या वेळी कोणी लिहीत नाही. सहा महिन्यांनी मोजणीची वही, रोकडवही आणि पासबुक यांचे आकडे तीन निघतात, आणि चोरी कोणी केलेली नसताना सगळेच एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. यासाठी किरकोळ खर्चाची वेगळी पेटी करा. समजा ५,००० रुपये. त्यातून गेलेल्या प्रत्येक खर्चाची पावती पेटीत टाकायची; पावत्या आणि उरलेली रोकड मिळून कधीही ५,००० च भरले पाहिजेत. महिनाअखेर पावत्या दाखवून तेवढाच चेक काढून पेटी पुन्हा भरायची. दर तिमाहीला जमाखर्च फळ्यावर लावा. अर्पण किती आले यापेक्षा ते कुठे गेले हे लोकांना जास्त वाचायचे असते. वर्षाचे हिशेब ३१ मार्चला बंद करून सहा महिन्यांच्या आत ऑडिट पुरे करा. ऑडिटर कमिटीतल्या कोणाचा भाचा-पुतण्या नसावा. फी थोडी जास्त पडली तरी चालेल.

कोणी किती दिले याची यादी मात्र फळ्यावर लावू नका. कित्येक मंडळ्यांत हंगामाच्या सणाला नाव आणि रक्कम वाचून दाखवतात, लिलावात बोली चढवतात. देणाऱ्याला मान मिळतो हे खरे, पण पाठीमागच्या बाकावर बसलेली विधवा पुढच्या वर्षी सणाला येत नाही. तिच्यासारखीच्या दोन टोल्यांची, म्हणजे दोन क्षुद्र नाण्यांची किंमत प्रभूने कशी केली होती, ते आपल्याला माहीत आहे.

कामाची वाटणी. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करत बसला होता, तेव्हा त्याचा सासरा इथ्रो म्हणाला की तू करतोस ते ठीक नाही; तूही थकशील आणि लोकही थकतील. निर्गमच्या अठराव्या अध्यायातला हा सल्ला आपण हजार, शंभर, पन्नास, दहा अशा आकड्यांसाठी लक्षात ठेवतो. खरी गंमत पुढे आहे: लहान प्रकरणे त्यांनीच *निकालात काढावी*. नुसती ऐकून मोशेकडे आणावी असे नाही. आपल्याकडे चूक होते ती इथेच. १२० कुटुंबांचे दहा-दहाचे बारा गट करतो, गटप्रमुख नेमतो, आणि मग आजारी माणसाला रिक्षा करून द्यायची तरी त्याला सचिवांना फोन करावा लागतो. दोन महिन्यांत तो उत्साह संपतो, आणि आपण म्हणतो, "लोक जबाबदारी घेत नाहीत."

गटप्रमुखाला काम देताना तीन गोष्टी कागदावर द्या: कोणती दहा घरे, कोणते निर्णय त्याने न विचारता घ्यायचे, आणि किती पैशांपर्यंत. समजा आजारपण, मयत, अचानक अडचण यांसाठी प्रत्येक गटाला एका वेळी २,००० रुपयांपर्यंत खर्चाचा अधिकार. पावती नंतर, पंधरा दिवसांत. महिन्याला एक भेट प्रत्येक घरी, आणि तुमच्याकडे तीन ओळींचा निरोप: कोण आजारी, कोणाला काम नाही, कोण येईनासे झाले. त्याने एखादा निर्णय तुमच्यापेक्षा वेगळा घेतला, पण मर्यादेत घेतला, तर तो फिरवू नका. चारचौघांत तर मुळीच नको. एकदा फिरवलात की बाकीचे अकरा जण तुम्हाला विचारल्याशिवाय पाऊल टाकणार नाहीत. इथ्रोने माणसे निवडायच्या कसोट्याही सांगितल्या आहेत: कर्तबगार, देवभीरू, सत्यप्रिय, लाचेचा तिटकारा असलेली. आपण सहसा दुसरी कसोटी लावतो आणि पहिली विसरतो. भक्तिमान पण हिशेब न येणाऱ्या माणसाला खजिनदार करणे हा त्याच्यावरही अन्याय आहे.

प्रेषितांच्या कृत्यांतला सहावा अध्याय तुमच्या फार उपयोगाचा आहे. ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटपात उपेक्षा होते अशी कुरकुर उठली. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प केले नाही आणि वाटप स्वतःकडेही ओढून घेतले नाही. मंडळीला सात जण निवडायला सांगितले. आता ती नावे वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक नावे. ज्यांची तक्रार होती, वाटप त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती गेले असे दिसते. आपल्या मंडळ्यांत कुरकुरीच्या रेषा ठरलेल्या आहेत: जुनी घराणी आणि बाहेरगावाहून आलेली, गाव आणि वाडी, शिकलेले आणि मजूर, आणि कोणी उघड बोलत नसले तरी धर्मांतराआधीची जात, जी लग्नाच्या बैठकीत आणि पंचांच्या निवडणुकीत अजून डोके वर काढते. शिष्यवृत्तीची, धान्यवाटपाची, वसतिगृह-प्रवेशाची समिती करताना ज्या बाजूची तक्रार आहे त्या बाजूची माणसे त्यात बहुमताने बसवा. एक प्रतिनिधी घेऊ नका. एकट्या माणसाला सही करण्यापलीकडे काही करता येत नाही. मग निकष लिहा, अर्जाची शेवटची तारीख लिहा, आणि नाकारलेल्या प्रत्येक अर्जावर कारण लिहून अर्जदाराला कळवा.

सभेबद्दल थोडक्यात. विषयपत्रिका सात दिवस आधी. सभा दीड तास, त्यात सुरुवातीचे वचन आणि प्रार्थना दहा मिनिटे. इतिवृत्तात "चर्चा झाली" असे लिहू नका. कोण, काय, कधीपर्यंत, किती रुपयांत, एवढेच लिहा आणि सभा उठण्याआधी वाचून दाखवा. ज्याच्या नातेवाइकाचे कोटेशन आहे त्याने त्या विषयापुरते खोलीबाहेर जायचे आणि तसे इतिवृत्तात नोंदवायचे. नुसते मत न देणे पुरत नाही, कारण तो समोर बसलेला असताना बाकीचे बोलत नाहीत. एक नाजूक गोष्टही आहे. कोणी ज्येष्ठ पंच म्हणतात, "प्रभूने मला दाखवले आहे की हेच काम करावे." त्यांच्या श्रद्धेचा मान ठेवा, बोलणे पूर्ण ऐका, आणि तरीही तीन कोटेशने मागवा, मग मत घ्या. देवाचे नाव घेतल्याबरोबर बाकीच्यांचे तोंड बंद होत असेल तर ती सत्ता झाली. प्रार्थना करायचीच असेल तर मतभेद ऐन रंगात आल्यावर करा. पाच मिनिटे सगळ्यांनी स्तब्ध बसायचे आणि मग मतदान. आवाज आपोआप खाली येतात.

आता वसतिगृह. तुमच्या सगळ्या कामात हे सर्वांत जोखमीचे आणि सर्वांत मोलाचे.

आधी हेतू एका वाक्यात लिहा, आणि त्या वाक्याच्या आधारे कशाला तरी "नाही" म्हणता येते का ते बघा. "ख्रिस्ताच्या प्रीतीने समाजाची सेवा" या वाक्याने कशालाच नाही म्हणता येत नाही. "४० मुलींना बारावीपर्यंत सुरक्षित निवास, पोटभर जेवण आणि अभ्यासाला शांत जागा, प्रवेशात पहिला हक्क एकट्या आईच्या आणि ऊसतोड कामगारांच्या मुलींचा" या वाक्याने म्हणता येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये आवारातला हॉल लग्नाला मागितला, भाडे चांगले आहे, स्पीकर रात्री दहापर्यंत लागणार आहे: नाही, परीक्षा आहेत. पंचांच्या ओळखीतल्या सुखवस्तू घराला जवळची जागा हवी आहे: यादीत त्यांचा नंबर मागे.

दुसऱ्या धर्माच्या मुली असतील तर उपासनेबद्दल पालकांशी प्रवेशाच्या दिवशीच स्पष्ट बोला आणि लेखी ठेवा. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन हे विधवा आणि मुलींचे निवासी विद्यालय काढले, ते धर्माबाबत तटस्थ राहील या बोलीवर. सदन पुढे पुण्याला गेले. रमाबाई स्वतः प्रार्थनेला बसत, दार उघडे असे, मुली येऊन बसू लागल्या, आणि १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारख्यांची सल्लागार समिती राजीनामा देऊन बाहेर पडली, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंची तळमळ निखळ होती यात शंका नाही. पण उघड्या दाराचा अर्थ त्यांनी एक धरला आणि पालकांनी दुसरा. शासनमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत तर संविधानाच्या कलम २८(३) प्रमाणे अज्ञान मुलाला पालकाच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसायला लावता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी जेवण आणि छप्पर आपल्या हातात असताना एखाद्या मुलीला प्रार्थनेला बोलावणे हे विचारणे राहत नाही. तिला खरोखर नाही म्हणता यावे यासाठी त्या वेळेत दुसरी खोली, दिवा आणि एक बाई हजर ठेवा.

कामगारांचा पगार महिन्याच्या ७ तारखेच्या आत, बँकेतून, किमान वेतनापेक्षा कमी नाही. "सेवा समजून करा" हे वाक्य पगार कमी देण्यासाठी वापरायचे नाही. सेवा स्वतःच्या वाट्याची करता येते, दुसऱ्याच्या मजुरीतून नाही. याकोबाच्या पाचव्या अध्यायात अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते आहे. अर्पण कमी आले म्हणून महिना अडत असेल तर दोन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम वेगळ्या खात्यात राखीव ठेवा, आणि त्या खात्यातून रंगकाम, मंडप, पाहुण्यांचे जेवण असला खर्च करायचा नाही असा ठराव करा.

आणि स्वयंपाकीणबाईंकडे एकदा नीट बघा. रविवारी मंडळी आत गीत गात असते तेव्हा त्या मागे चुलीपाशी असतात. वसतिगृहाचे सर्वांत चांगले जेवण रविवारी, म्हणून वर्षानुवर्षे त्यांना उपासना नाही, साप्ताहिक सुट्टीही नाही. ही गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही, कारण जेवण वेळेवर येते. दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी त्यांना पगारी सुट्टी द्या आणि स्वयंपाक कमिटीने करावा. अध्यक्षांनीसुद्धा. ४० मुलींना खिचडी करायची तर तांदूळ साडेतीन किलो, मूगडाळ सव्वा किलो, बटाटे तीन किलो, कांदे दोन किलो, तेल पाऊण लिटर, सोबत पापड आणि ताक. चौघे जण सकाळी साडेसातला आले तर साडेअकरापर्यंत जेवण तयार होते. मग भांडीही त्यांनीच घासायची. हे अर्धवट सोडले तर सोमवारी पहाटे त्याच बाईंना दुप्पट काम पडते आणि सुट्टीची शिक्षा होते. योहानाच्या तेराव्या अध्यायात प्रभूने पाय धुतले, रुमालाने पुसले, आणि मगच तो जागेवर जाऊन बसला.

आता ज्यात चूक चालणारच नाही ते. मत्तयच्या अठराव्या अध्यायातली रीत सगळ्यांना ठाऊक असते: भावाने अपराध केला तर आधी एकांतात जाऊन सांग, ऐकले नाही तर एक-दोघांना घेऊन जा, मग मंडळीला कळव. भावकीतल्या, कमिटीतल्या, कोयरमधल्या भांडणांना ही रीत औषधासारखी आहे. फक्त ती पायरीने घ्या. सात दिवसांच्या आत, समोरासमोर, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर एक शब्दही न टाकता. दुसऱ्या पायरीला नेलेली माणसे दोन्ही बाजूंना चालणारी असावीत, आपल्या बाजूचे वकील नव्हेत. आपल्याकडे पहिल्या दोन पायऱ्या गाळून एकदम ग्रुपवर तिसरी होते, आणि मग समेटाला जागाच उरत नाही.

पण हीच रीत मुलीवर किंवा हाताखालच्या बाईवर लादली जाते तेव्हा तिचे विष होते. एखादी मुलगी वॉर्डनबद्दल, पाहुण्या वक्त्याबद्दल, पाळकसाहेबांबद्दल, कोणाबद्दलही अंगाला हात लावल्याची तक्रार करते, आणि कोणी तरी म्हणते, "आधी त्यांच्याशी एकांतात बोल," किंवा "१ तीमथ्य पाच एकोणीसप्रमाणे दोन-तीन साक्षीदार आण." ती वचने भावाभावांच्या अपराधाची आणि मंडळीच्या वडिलांवरच्या, म्हणजे पुढाऱ्यांवरच्या आरोपाची आहेत. मुलावरचा अत्याचार हा गुन्हा आहे, आणि गुन्हा बंद खोलीत घडतो. तिथे साक्षीदार नसतात. पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे असे काही घडले किंवा घडण्याची शक्यता आहे असे कळताच पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे प्रत्येकाला बंधनकारक आहे. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाबाबत कळवले नाही तर कलम २१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

करायचे ते असे. मुलगी जे सांगेल ते मध्ये न बोलता ऐका, खोदून प्रश्न विचारू नका, "कोणाला सांगणार नाही" असे वचन देऊ नका. तिचेच शब्द तारीख-वेळ घालून लिहा. त्याच दिवशी पोलिसांत कळवा. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे, तोही आहे. आरोप असलेल्या माणसाला त्याच क्षणी आवाराबाहेर आणि कामाबाहेर ठेवा. कमिटीने आपली चौकशी आधी करायची नाही, पाळकांच्या समोर दोघांना बसवायचे नाही, क्षमेची प्रार्थना करून घ्यायची नाही. त्या वेळी मुलीकडून "क्षमा केली" असे वदवून घेणे हा दुसरा अत्याचार आहे. मंडळीचे नाव जाते ते तक्रार दिल्याने नव्हे, दहा वर्षांनी दाबलेली तक्रार बाहेर आल्याने.

हे घडू नये म्हणून आधीची कुंपणे: मुलीबरोबर एकट्याने बंद खोलीत कोणी बसायचे नाही, समुपदेशनाच्या खोलीच्या दाराला काच, पुरुष पाहुण्यांना निवासाच्या मजल्यावर बंदी, येणाऱ्या-जाणाऱ्याची वही, प्रत्येक नव्या कामगाराची पोलीस पडताळणी, आणि महिन्यातून एकदा कमिटीबाहेरच्या एखाद्या शिक्षिकेने मुलींशी वॉर्डन नसताना गप्पा मारायच्या. कर्मचारी दहा किंवा जास्त असतील तर लैंगिक छळाबाबतच्या २०१३ च्या कायद्याखालची अंतर्गत समिती हवीच. अध्यक्ष स्त्री, निम्म्याहून कमी स्त्रिया चालणार नाहीत, आणि एक सदस्य बाहेरची.

जागेचा विषय तुमच्या कारकिर्दीत एकदा तरी येईल. मिशनच्या काळात गावाबाहेर असलेले आवार आता बाजारपेठेत आले आहे, छप्पर गळते आहे, आणि कोणी तरी "निम्मी जागा द्या, नवे चर्च फुकट बांधून देतो" म्हणत येतो. विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे विश्वस्त संस्थेच्या स्थावर मालमत्तेची विक्री, अदलाबदल, बक्षीस, तसेच शेतजमिनीचा १० वर्षांपेक्षा आणि बिनशेती जागेचा किंवा इमारतीचा ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय वैध होत नाही. कर्ज काढायलाही मंजुरी लागते. चूक होते ती सुरुवातीलाच: "फक्त समजुतीचा कागद आहे" म्हणून सही होते, पाच लाख टोकन घेतले जाते, ते छपरात जाते, आणि परवानगी मिळाली नाही तर परत करायला पैसे नसतात. म्हणून क्रम उलटू देऊ नका. आधी सर्वसाधारण सभा, सरकारी यादीतल्या मूल्यांकनकाराचा अहवाल, जाहीर निविदा, परवानगी, आणि सर्वांत शेवटी पैसा. तोवर त्या माणसाच्या घरचे जेवणही नको. नहेम्या बारा वर्षे अधिपती होता आणि अधिपतीच्या हक्काचे अन्न त्याने खाल्ले नाही, कारण लोकांवर आधीच बोजा होता. हक्काचेही त्याने सोडले होते. हे तर हक्काचेही नाही.

राहता राहिली तुमची खुर्ची. आल्या दिवशीच जायची तारीख ठरवा. घटनेत मुदत नसेल तर सलग दोन मुदती आणि मग एक मुदत खंड असा बदल सुचवा, आणि तो तुमच्यापासून लागू करा. तयारी एका माणसाची करू नका, दोघांची करा. रमाबाईंनी मुलगी मनोरमा हिला केडगावच्या मुक्ती मिशनच्या कामासाठी घडवले होते. १९२१ मध्ये ती गेली आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाईही गेल्या. केडगावचे काम टिकले, कारण ते तिथल्या पुष्कळ बायकांच्या हाती मुरलेले होते. तुमच्या सहसचिवांना दर तिसरी सभा चालवू द्या, ऑडिटरशी बोलू द्या, धर्मादाय कार्यालयात एकटे जाऊ द्या.

शमुवेल म्हातारपणी सगळ्या इस्राएलासमोर उभा राहिला आणि त्याने विचारले: मी कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव घेतले, कोणाला लुबाडले, कोणाची लाच घेतली? सांगा, मी भरून देतो. तुम्ही पद सोडाल त्या वार्षिक सभेत हेच करा, पण कागदासह. सुपूर्दनाम्याचे एक पान तयार करा: पासबुके किती आणि त्यातली शिल्लक, चेकबुकातला शेवटचा वापरलेला क्रमांक, इतिवृत्ताच्या वह्या, मूळ दस्त कुठे आहेत, ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदलल्याची तारीख, चालू असलेले दावे, न दिलेली बिले, आणि किल्ल्या. वेस्ट्रीच्या दोन, कपाटाची एक, वसतिगृहाच्या फाटकाची एक. वाचून दाखवा, दोघांच्या सह्या घ्या, आणि सभेला विचारा की कोणाचे काही येणे आहे का. उत्तरासाठी थोडा वेळ थांबा. मग किल्ल्या टेबलावर ठेवा.